झेंडूची कळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रत्येकाकडे एक खिशातली वही असते. वचन, उपदेशातलं एखादं वाक्य, कुणा म्हाताऱ्याचं शहाणपण, मनाला लागेल ते टिपायचं आणि वेळेला काढायचं. माझे वडील सावळेराम ती शर्टाच्या खिशात ठेवायचे. बायकांना खिसा कुठला? मी परकराला शिवून घेतला. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षर चांगलं. सव्वीस वर्षांत अकरा वह्या भरल्या. आमच्या शिनोली गावात कुणाकडे मयत झाली की लोक म्हणायचे, नूतनबाईला बोलवा, तिच्याकडं वाक्य असतं. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांपूर्वी डिंभ्याच्या ठकूमावशीची लेक, पुष्पा, साप चावून गेली. मावशी आमच्या शेजारच्या मळ्यात झेंडू तोडायला येते, तेवढीच ओळख. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत टिपूस नाही. मी वही काढून वाचलं, "माळी आपली कळी खुडतो, तेव्हा बागेनं जाब विचारू नये."

"लिहून दे," मावशी म्हणाली.

तिला वाचता येत नाही. तरी मी वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून दिली. तिनं ती चंचीत, सुपारीशेजारी ठेवली. परत येताना मला वाटलं, आज कुणाच्या तरी कामी आले.

गेल्या आठवड्यात माझी प्रतिभा गेली. बावीस वर्षांची. मंचरहून स्कूटीवर येत होती, मागून टेम्पोनं उडवलं. माती दिल्यापासून मंडळीतले लोक येतात आणि आपापली वही काढतात. प्रत्येक वाक्य ऐकताना कळतं, हे मीच कधीतरी कुणाला तरी वाढलेलं. शिळं होऊन माझ्याच ताटात आलं. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुमची वही काढा. हेच तर ती काढायचे दिवस." माझा हात खिशाकडं गेलाच नाही.

पाचव्या दिवशी ठकूमावशी आली. एसटी आली नव्हती म्हणून चालत. पाणीही न घेता समोर बसली, चंची सोडली आणि ती चिठ्ठी काढली. घड्यांवर चुन्याचे डाग पडले होते.

"मावशी, आज नको," मी म्हटलं.

"मला कुठं येतंय वाचाया? तूच वाच."

वाचलं. शेवटचे दोन शब्द बाहेर पडेनात, ते ओढून काढले.

"आता सांग. खरं हाय का ह्ये?"

मी चिठ्ठीची घडी घालू लागले.

"वीस वर्सं झेंडू तोडतीये मी. चुकून एक कळी तुटली तर मालक आईबाप काढतो. कळी कुणी खुडीत न्हाई, नूतन. येडा माळीबी न्हाई खुडणार." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण म्हणलं, शिकल्याली बाई हाय, इचार करून लिवलं असंल. तवापासून देवापुढं तोंड उघडलं न्हाई. पोरीच्या नावानं रडलेबी न्हाई. जावा म्हणत्यात, म्हातारी दगडाची हाय."

दोन वर्षं. आणि मी त्या दिवशी रस्त्यानं खुशीत आले होते.

"खरं नाही, मावशी."

"मंग मला का दिलंस?"

"तुमच्यापुढं नुसतं गप्प बसायची भीती वाटली."

वाटलं, आता शिवी देईल. दिलीच. "दोन वर्सं खाल्लीस माजी, भवाने." मग जरा पुढं सरकली. "मंग इचारू का आता?"

"विचारा."

तिनं विचारलं. आढ्याकडं तोंड करून, तिच्या बिरोबाला, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "पोर नेलीस, तुला ही म्हातारी दिसली न्हाई का रं?" आणि दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. मी तिला धरायला गेले आणि माझ्याच तोंडून प्रभूला तेच विचारलं गेलं, की मी दिसले नाही का? दुसरं काही सुचलं नाही. अकरा वह्यांत नव्हतं.

दारात पाळकसाहेब चप्पल काढत होते. एक पाय आत, एक बाहेर, तसेच थांबले. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला, वहीच्या कोपऱ्याला लागला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि उंबऱ्यावरच बसले.