वाटेकडची जागा

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही आठ वर्षांचे आहात आणि आईचा हात धरून एका चर्चच्या दारात उभे आहात. गाव नवं, माणसं नवी. आत गाणं चालू आहे. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ लांब बाक आहेत आणि प्रत्येक बाकाच्या वाटेकडच्या टोकाला कोणी ना कोणी बसलेलं आहे. पलीकडे भिंतीपर्यंत बाक मोकळा आहे, पण तिथे पोहोचायचं तर कोणाचे तरी गुडघे ओलांडायला हवेत. तुम्ही ओलांडाल? खरं सांगा हं.

आपल्या गोष्टीतल्या मुलीनेही ओलांडले नाहीत. ती आणि तिची आई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. उपासना अर्धी झाली तेव्हा आई हळूच म्हणाली, "चल." मागच्या रविवारीही असंच झालं होतं.

दार सांभाळणाऱ्या बाईंनी दोघींना पायरीवर गाठलं. या बाई एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी चर्चच्या दाराचं काम अंगावर घेतलं. येणाऱ्याच्या हातात गीतांचं पुस्तक द्यायचं, जागा दाखवायची. लहानथोर सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत.

"का गं, निघालीस?"

"गर्दी फार आहे तुमच्याकडे, मावशी," मुलीची आई म्हणाली. ती एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. "आठवडाभर उभीच असते मी. सुट्टीच्या दिवशी पण उभं राहायचं म्हटलं तर पाय ऐकत नाहीत. घरी बसूनच प्रार्थना करू आम्ही."

"पुढच्या रविवारी ये. जागा मी देते. माझा शब्द."

"बरं. एकदा शेवटचं येऊन बघते."

"मागच्या वेळी पण तू शेवटचंच म्हणाली होतीस," मुलगी म्हणाली. आईने तिला चिमटा काढला आणि दोघी गेल्या.

शब्द तर दिला. तो पाळायचा कसा, ते बाईंना ठाऊक नव्हतं. जबरदस्ती करायला हा काही त्यांचा बसचा रूट नव्हता.

बुधवारी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, पंचांची बैठक होती; बाईही तिथे होत्या. चिटणीसांनी भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता. त्यावर तीन रकाने होते. लोकांपर्यंत जाणं, विश्वासात वाढणं आणि सेवेचं काम. तिन्हींखाली सुंदर अक्षरात बेत लिहिले होते. आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरी बायबलचा अभ्यास, कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळची शाळा. बेत खरंच चांगले होते. चिटणीसांनी त्यासाठी महिनाभर डोळे फोडले होते.

"वर्षभरात चाळीस नवीन कुटुंबं," चिटणीस म्हणाले.

"आणि त्यांना बसवणार कुठे?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? अर्ध्याहून जास्त जागा रिकामी असते की!"

"आत रिकामी असते. गाडी मोकळी आणि दारात चेंगराचेंगरी, अशातली गत आहे आपली. तुमची चाळीस कुटुंबं येतील, भिंतीला टेकतील आणि जातील. एक तर चाललंच आहे." मग त्यांनी लाँड्रीतल्या बाईची हकिगत सांगितली. "येत्या रविवारी सगळ्यांनी भिंतीकडे सरकून बसायचं आणि वाटेकडची जागा येणाऱ्यासाठी सोडायची. बास. माझा बेत एवढाच."

एकेक जण बोलू लागला. डॉक्टरांना कधीही फोन येतो, त्यांना पटकन उठता आलं पाहिजे. पेटी वाजवणाऱ्या तरुणीच्या आजीला भिंतीकडे गुदमरतं. चिटणीसांचा उजवा गुडघा वाकत नाही, पाय वाटेत लांब करावा लागतो.

मुलांनो, यातलं एकही कारण खोटं नव्हतं. म्हणून तर पंचाईत होती. खोट्या कारणाला माणूस उत्तर देऊ शकतो, खऱ्यापुढे काय बोलणार?

चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, शांतपणे ऐकत होते. "बाई, कोणी कुठे बसावं याचा हुकूम मी काढणार नाही," ते म्हणाले. "पण दार तुमचं आहे. तुम्ही प्रेमाने सांगून बघा."

"एकतीस वर्षं प्रेमानेच सांगितलं हो. फक्त जरा मोठ्याने."

सगळे हसले. हसण्यावारी गेलं म्हणजे गेलंच, हे बाई जाणून होत्या.

रविवार उजाडला. इस्त्रीवाली आई आणि मुलगी दहा मिनिटं उशिरा आल्या. दोघींचे कपडे असे कडक इस्त्रीचे, की घडी मोडेल म्हणून बसतात की नाही अशी शंका यावी. बाईंनी त्यांना दारात थांबवलं आणि त्या वाकून बाकाबाकाशी कुजबुजू लागल्या, "जरा आत सरकता का?"

लोक चांगले होते. प्रत्येकाने हसून मान हलवली आणि गुडघे बाजूला घेतले. या, आमच्या पुढून आत जा. जागचं मात्र कोणी हललं नाही. बाई पहिल्या बाकापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतल्या.

"राहू दे, मावशी," मुलीची आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्यापायी तुम्ही कशाला लोकांच्या विनवण्या करता?" तिने मुलीचा हात धरला आणि पाठ फिरवली.

समोर पाळक नव्या वर्षाचा बेत मंडळीला सांगत होते. "आपलं दार प्रत्येकासाठी उघडं आहे," ते म्हणत होते.

बाईंनी एकदा पाळकांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. आणि एकतीस वर्षं ज्या आवाजाने भरलेल्या बसच्या शेवटच्या टोकापर्यंत माणसं हलवली, तो आवाज चर्चमध्ये दणाणला.

"चला, आत सरका! आत सरका! दारात गर्दी नको!"

आणि काय झालं असेल?

सगळे सरकले! विचार करायला कोणाला सवडच मिळाली नाही. जन्मभर बसमधून फिरलेली माणसं ती. अंगाने हुकूम ऐकला, डोक्याला नंतर कळलं. अठरा बाक एकदम करकरले. डॉक्टर सरकले, आजी सरकल्या, चिटणीस गुडघ्यासकट सरकले. आणि मग सगळे आपापल्या नव्या जागी बसून एकमेकांकडे बघू लागले, चोरी पकडली गेल्यासारखे.

बाईंचे कान लालबुंद झाले. उपासनेत ओरडल्या होत्या त्या! आता हे काम हातचं जाणार, हे त्यांनी मनाशी धरलंच.

पाळकांनी हातातले कागद खाली ठेवले. "मी अकरा पानं लिहून आणली होती," ते म्हणाले. "बाईंनी तीन शब्दांत उरकलं. आपण गीत घेऊ या."

आधी आजींना हसू फुटलं, मग सगळ्या चर्चला. त्या हसण्यातच इस्त्रीवाली आई वळली. तिसऱ्या बाकावरून चिटणीस तिला हाताने बोलावत होते. ती मुलीला घेऊन गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. नीट पाठ टेकून बसली. चिटणीसांनी पान काढून पुस्तक तिच्या हातात दिलं. ती गाऊ लागली तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघींनी मागे वळून पाहिलं, इतका तिचा आवाज मोकळा होता.

मुलगी मात्र मागेच बघत होती. कंडक्टरबाई दारात एकट्याच उभ्या होत्या. ती उठली आणि त्यांच्याकडे गेली.

"तुम्ही पण बसा ना. माझ्या शेजारी जागा आहे."

"नाही गं राणी. दारात कोणीतरी लागतं."

"कुठपर्यंत?"

"शेवटचा माणूस आत येईपर्यंत."

मुलीने थोडा विचार केला. मागे वळून आईकडे पाहिलं, आई गात होती. मग ती बाईंच्या बाजूने दाराबाहेर गेली. समोरच्या फुटपाथवर हातात काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ गाणं ऐकत उभे होते. मुलगी पायऱ्या उतरली, शेवटच्या पायरीवर टाचा उंच करून उभी राहिली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

"आजोबा, आत जागा आहे!"