धुतलेला झगा

मी एक जुना पांढरा झगा आहे, मित्रांनो, आणि तोही मेल्यावर अंगावर घालायचा. दचकू नका, आमच्या मादबा गावची ती रीतच आहे. यार्देन नदीत जिथे प्रभू येशूचा बाप्तिस्मा झाला, तिथे यात्रेकरू पांढऱ्या झग्यात तीन बुड्या मारतात आणि तोच झगा कफन म्हणून जपून ठेवतात.

नझ्मेबाईंनी मला स्वतःच्या हाताने शिवले. त्या नदीतून बाहेर आल्या तेव्हा गाळाने मी पिवळट झालो होतो. त्यांनी मला न धुता उन्हात वाळवले आणि धुपाचे खडे घालून पेटीत ठेवले. त्या गाळाचा मला फार अभिमान होता. पुढे लढाई झाली. सैन्याने नदीकाठ बंद केला, सुरुंग पेरले आणि यात्रा थांबली ती थांबलीच.

मग सलवा सून म्हणून आली. परगावची, कामाला वाघ. सणाआधी तिने पेटी उपसली आणि मला साबण लावून, नीळ घालून दोरीवर टाकले. शेजारणींनी तोंडभर कौतुक केले. जन्मात पहिल्यांदा मला कोणी शुभ्र म्हटले, आणि मला रडू येत होते.

नझ्मेबाई दोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "पोरी, तो मळ नव्हता गं," एवढेच म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सलवा मनातून खचली. सासूबाईंनी अंथरूण धरले तशी ती मला काखोटीला मारून नदीकडे निघाली. चौकीवर शिपायाने अडवले. "वहिनी, पुढे सुरुंग आहेत. सासूच्या आधी तुम्हालाच कफन लागेल," तो म्हणाला. परतताना तिने मला शेताकडेच्या कालव्यात बुचकळले आणि घरी येऊन नदीचे नाव सांगितले.

नझ्मेबाईंनी मला नाकाशी धरले, मग बाजूला सारले. "मला साध्या चादरीत गुंडाळा. हे खोटं अंगावर घेऊन देवापुढे कशी उभी राहू?"

चादरीतच त्यांना मूठमाती दिली. सलवाने मला पेटीच्या तळाशी कोंबले.

आता नदीकाठ पुन्हा उघडला आहे. यात्रेकरूंच्या गाड्या भरभरून जातात. म्हातारी झालेली सलवा मात्र तिकडे फिरकत नाही. झगा परत बुचकळून आण, तुला होईल, असे शेजारीण सुचवते. पण तिने मुलांना बजावून ठेवले आहे की तिलाही साध्या चादरीतच न्यायचे. म्हणजे मी कोणाच्याच अंगावर जाणार नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कापडावर डाग दिसला, तर साबण हातात घेण्याआधी आजीला विचारा. आजी आहे तोवरच ते विचारता येते.