देवानं ओळखलेला माणूस

शिवकन्येला पहाटेपासून कळा येत होत्या, आणि मूल पायाकडून येतंय हे म्हाळूच्या म्हाताऱ्या बापानं लांबूनच ओळखलं होतं. म्हाताऱ्यानं जन्मभर अडलेल्या मेंढ्या सोडवल्या होत्या. पण मी मेंढी न्हाई, असं सुनेनं त्याला बजावलं आणि जवळ येऊ दिलं नाही. मेंढवाडा चौसाळ्याच्या अलीकडं माळावर उतरलेला; दुसरं बाईमाणूस सोबत नव्हतं. तेव्हा म्हाळू कोसभर पळत जवळच्या वाडीत आला आणि सुईणीचं घर विचारत भामाबाईच्या दारात उभा राहिला.

"आक्का, चला बिगीनं," तो म्हणाला. "माझी बायकू अडलीय."

भामाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या हातातली घागर खाली पडली. शेजारणीनं घागर बघितली, मग म्हाळूला बघितलं, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की बिभीषण आला.

बिभीषण म्हणजे भामाबाईचा नवरा. पाच-सहा वर्षांमागं तो बैल विकायला बीडच्या बाजारात गेला होता. बैल परत आला. बिभीषण आला नाही.

म्हाळूनं आपलं नाव सांगितलं. लोकांना वाईट वाटलं. परमुलखात राहिलं की माणसाला असं होतं, असं एक जण म्हणाला; त्याचा चुलता हैदराबादेहून परत आला तेव्हा पावसाळाभर दुसऱ्याच्याच घरी राहिला होता. निजाम सरकारच्या चौकीवर चला, तिथं मला ओळखतात, असं म्हाळू म्हणाला. पण तोवर विठ्ठलराव पाटील आले होते. त्यांनी म्हाळूला बैल बघावा तसं चारी बाजूंनी बघितलं, दात तेवढे सोडले. मग त्यांनी सांगितलं की चौकीवर काय नि इथं काय, ओळखणारी शेवटी माणसंच. माणसाचा डोळा फसतो, जीभ खोटं बोलते. खरं काय ते एकाच ठिकाणी कळतं.

सगळे भैरोबाच्या देवळात गेले. म्हाळूला जावं लागलं, कारण भामाबाईला त्यांनी आधीच पुढं घातलं होतं.

तिथं तात्याबा गुरव कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देवळाच्या उजव्या भिंतीला झरोका होता आणि माळावरचा वारा त्यातून थेट देवाच्या खांद्यावर यायचा. त्यामुळं हा भैरोबा एकंदरीत होकारी म्हणून आसपास नावाजलेला होता.

ह्यो बिभीषण हाय का, असं तात्याबानं विचारलं. उजवं फूल लगेच पडलं.

म्हाळूनं वाद घातला नाही. वाद घालायला वेळ नव्हता. तो पाटलांच्या पायावर पडला आणि म्हणाला की बरं, मी बिभीषण, पण तिकडं शिवकन्या मरायली, सुईण तेवढी द्या. विठ्ठलरावांनी त्याला प्रेमानं उठवलं आणि अडचण समजावून सांगितली. बिभीषणाची बायको भामाबाई. ती तर इथं उभी होती आणि चांगली धडधाकट होती. मग अडली कोण? दुसरा घरोबा केला असेल तर पंच बसवावे लागतील, आणि पंच पुढच्या बाजाराशिवाय जमत नाहीत.

कोसभर चाला आणि डोळ्यांनी बघा, असं म्हाळू म्हणाला. हे सगळ्यांना लागलं. तात्याबाला तर फारच. देव समोर असताना माळावर जाऊन बघायचं म्हणजे देवाला काय वाटेल? तरी त्यानं मन मोठं केलं आणि दुसरी फुलं भिजवली. माळावर कुणी बाई अडलीय का, असा सरळ प्रश्न लावला.

नीट दिसावं म्हणून विठ्ठलराव झरोक्यापाशी येऊन उभे राहिले होते. अंगानं ते भरदार होते. वारा थांबला. बराच वेळ काहीच पडेना. म्हाळू एकदा या फुलाकडं बघायचा, एकदा त्या. त्यानं आयुष्यात देवाकडं कधी काही मागितलं नव्हतं. मेंढरांना चारा आपोआप मिळत नाही हे त्याला ठाऊक होतं. आता तो मागत होता, आणि कशासाठी, तर आपली बायको खरंच मरणाच्या दारात आहे एवढं देवानं कबूल करावं म्हणून.

डावं फूल पडलं.

"अडलेली बाई न्हाई," तात्याबानं जाहीर केलं.

सगळ्यांना हलकं वाटलं. एका म्हातारीनं म्हाळूच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, सुटलास बाबा, उगाच घोर लावून घेतलतास. म्हाळू पळाला तेव्हा चौघांनी त्याला पायरीवर धरलं. धरलं तेही मायेनं, पुन्हा परागंदा होऊ नये म्हणून. त्यानं पायरीवर डोकं आपटलं, तर इतक्या वर्षांनी गाव बघून भरून आलंय असं ठरलं. आक्का, तुमीच सांगा, असं तो ओरडला, तर बायकोला आक्का म्हणू नये असं त्याला हळूच समजावण्यात आलं.

भामाबाई खांबाला टेकून उभी होती. इतका वेळ ती बोलली नव्हती. ते लाजणं आहे असं विठ्ठलरावांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता तिनं पदर सावरला.

"पाटील, ह्यो माझा नवरा. देवानं सांगितलंय. खरं ना?"

"खरं."

"मग नवरा चल म्हणतोय. त्याच्या मागं जायला तुमची परवानगी कावून लागती?"

विठ्ठलराव विचारात पडले. तात्याबाचा हात फुलांच्या परडीकडं गेला. पण तोवर ती पायऱ्या उतरली होती, आणि नवऱ्याला बायकोपासून धरून ठेवणं बरं दिसेना म्हणून त्या चौघांनी म्हाळूला सोडलं.

दोघं माळ तुडवत पळत सुटले. मागून अर्धी वाडी आली. देवावर विश्वास नाही म्हणून नव्हे. भामाबाईला नवरा कुठं नेतोय एवढंच बघायला.

"तुमाला तरी ठावं हाय ना, मी त्यो न्हाई?" म्हाळूनं विचारलं.

"दारातच कळलं." ती धापा टाकत होती. "त्यो गेला तवा मीबी कौल लावलता. येईल का म्हणून. उजवं पडलं. त्या फुलाच्या भरवशावर आजवर कपाळाला कुंकू लावतेय. तू त्यो न्हाईस म्हणलं असतं, तर देव खोटा पडला असता. मग माझ्या फुलाचं काय?"

म्हाळू पळतच राहिला. देव खोटा ठरावा म्हणून तो सकाळपासून जिवाच्या आकांतानं धडपडत होता.

किंकाळी लांबूनच ऐकू आली. तात्याबा जागीच थांबला. मेंढी असंल, असं तो म्हणाला. मेंढरांत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान हलवून नाही म्हणून सांगितलं; त्या बाबतीत त्याच्याइतका जाणता कुणी नव्हता. भामाबाई आडोशाला टांगलेल्या घोंगडीमागं गेली. आतून तिनं गरम पाणी मागितलं. कुणी हलेना. चुलीच्या सगळ्यांत जवळ तात्याबा उभा होता. आपणच नाही म्हणून सांगितलेल्या बाईसाठी त्यानं पाणी तापवलं आणि उचलून नेलं. पाणी सांडून त्याचा पाय भाजला.

म्हाळूनं एका मेंढीच्या लोकरीत तोंड खुपसलं होतं. मग किंकाळ्या थांबल्या, आणि ते किंकाळ्यांपेक्षा वाईट होतं. कितीतरी वेळानं मूल रडलं. शिवकन्येचा आवाज आला नाही.

भामाबाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत लाल.

"जगंल वाटतं. रगत लई गेलंय. निजू द्या."

वाडीची माणसं खाकरली. विठ्ठलरावांनी सगळ्यांच्या वतीनं खुलासा केला की कौल बरोबरच होता, अर्थ लावण्यात आपण चुकलो. अडलेली न्हाई म्हणजे मोकळी होणार, असं देवाला म्हणायचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आन ह्यो?" भामाबाईनं म्हाळूकडं बोट केलं. "ह्यो कोण?"

याचा अर्थ कुणाला लावता येईना.

"मग माझं फूल कसलं हो, तात्याबा?"

तात्याबानं भाजलेला पाय मागं घेतला. "पुन्यांदा लावू," तो हळूच म्हणाला. "आत्ताच लावू. हितंबी धोंडा हाय."

"नगं."

ती म्हाळूसमोर येऊन बसली. "तू गावोगाव हिंडतोस. तुझ्यावाणी दिसणारा माणूस कुठं बघितलास का?"

बिभीषण गेल्यापासून हा प्रश्न तिनं माणसाला पहिल्यांदाच विचारला होता. म्हाळूला फार वाटलं की उत्तर द्यावं.

"आक्का, मला माझंच तोंड ठावं न्हाई. पाण्यात दिसतं तेवढंच. समोरून गेला असता तरी मला कळलं नसतं."

"मग कुणाला ठावं हाय?"

त्यानं घोंगडीकडं बघितलं. बोलू की नको, असं त्याला झालं.

"तिला. मागल्या साली केजच्या बाजारात ती कुणाच्या तरी मागं गेलती, मीच समजून. परत आली तवा लई वेळ बोलली न्हाई. मीबी इचारलं न्हाई."

लोक पांगायला लागले. दिवेलागणीच्या आत घरी ये, असं विठ्ठलराव भामाबाईला म्हणाले. ही उठली की येते, असं ती म्हणाली. घोंगडीमागं शिवकन्येच्या उशाशी ती जाऊन बसली आणि मूल मांडीवर घेतलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा शिवकन्येच्या पापण्या हलल्या. प्रश्न ओठावर आला होता, पण भामाबाईनं पटकन तिच्या कपाळावर हात ठेवला.

"नीज, बाई," ती म्हणाली. "आजून नीज."