टेकडीवरची टाकी

"तेल आलंय! अरे, फाटक उघडा, तेल आलंय!"

तो आवाज मिझुएच्या कानात अजून जसाच्या तसा आहे. घोगरा, थंडीनं चिरकलेला, अर्धा खोकल्यात बुडालेला. मोठ्या भूकंपानंतरची ती हिवाळी सकाळ. घाट खचलेला, बाहेरची वीज गेलेली, आणि समुद्रकाठचं अणुवीज केंद्र आपल्या डिझेल जनरेटरांच्या श्वासावर तगून होतं. अणुभट्टी बंद केली म्हणून लगेच निवत नाही. राखेखाली निखारा धुमसावा तशी ती धुमसत राहते. तिच्याभोवती पाणी फिरतं ठेवावं लागतं, आणि पाणी फिरवायला तेल लागतं. केंद्राच्या टाक्यांत तेल अजून होतं. ते संपल्यावर काय, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

अशात फाटकाशी एक बुटका टँकर येऊन उभा राहिला. गावातला तेलवाला यासाबुरो होरिउची त्याच्या दारातून अर्धा बाहेर लोंबत ओरडत होता. भुवयांवर बर्फ, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. खचलेला घाट टाळून तो लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेनं डोंगराला वळसा घालून आला होता.

मिझुए तेव्हा केंद्रात नवी लागली होती. टँकरच्या तळाची तोटी सोडून तिनंच काचेच्या बरणीत नमुना घेतला. बरणी उजेडात धरली, तर आत तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. घाटापलीकडं ठेवलेल्या पिंपांतून टँकर भरताना वर बर्फ पडत होता, तो तेलात मिसळला होता.

केंद्रात एक रीत आहे. जे तपासलं त्याच्यावर बोट रोखायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "योशी!" म्हणजे ठीक आहे. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडानं पक्कं होतं, असं तिथं शिकवतात. विभागप्रमुख कुमागाई बरणीसमोर येऊन उभा राहिला. त्यानं एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा यासाबुरोच्या हातांकडे. मग बोट रोखलं आणि ओरडला, "योशी!"

फाटकावर टाळ्या पडल्या. यासाबुरो हसला आणि तिथंच बर्फात मटकन बसला. त्याला आत नेल्यावर कुमागाई मिझुएला हळूच म्हणाला, "ते तेल मागच्या रिकाम्या टाकीत उतरव. इंजिनाला लावू नकोस. आणि बोलू नकोस."

तिनं तसंच केलं. पुढं वीज परत आली. वसंतात ते तेल गुपचूप बाहेर गेलं.

गावाला यातलं काही ठाऊक नाही. यासाबुरोच्या तेलानं केंद्र वाचलं, एवढंच गावाला ठाऊक. उन्हाळ्यात पितरांच्या सणाला देवळाच्या अंगणात फेर धरतात, त्या गाण्याला त्याच वर्षी कुणीतरी दोन कडवी जोडली:

घाट गेला खचून, बर्फ कंबरेएवढा,
यासाबुरोच्या गाडीला रस्ता सुईएवढा.

वाट पाही दिवा, त्याची वात झाली काळी,
यासाबुरोच्या तेलानं उजळली आळी.

पुढं मिझुए त्याच होरिउचीच्या घरात थोरली सून होऊन गेली. लग्नातही हीच कडवी म्हटली गेली, पेले उंचावले गेले. ती दरवर्षी फेरात नाचते. पहिलं कडवं मोकळ्या गळ्यानं म्हणते. दुसऱ्याला तिचे पाय चालतात, हात चालतात, ओठ मात्र मिटलेले असतात. कुमागाई केव्हाच वारला. आता जाणणारी ती एकटीच.

यासाबुरोनं भूकंपानंतर देवळामागच्या टेकडीवर, लाटांच्या वर, एक टाकी बांधली. पिंपांत उरलेलं तेल आधी तिच्यात ओतलं. पुन्हा घाट गेला तर गावातच, हाताशी, तेल असावं म्हणून. या टाकीमुळंच केंद्रानं तेलाचं कंत्राट होरिउचीच्या लहानशा दुकानाला दिलं. शहरातल्या मोठ्या कंपनीचं तेल आरशासारखं असतं, पण तिचे टँकर घाटापलीकडे. पहिल्या कडव्यातल्या घाटापलीकडे.

आता म्हातारा घरात बसतो आणि धाकटा मुलगा कोहेई गाडी चालवतो. मिझुए केंद्राच्या तेलाची प्रमुख झाली आहे.

त्या गुरुवारी पाऊस आणि बर्फ एकात एक मिसळून पडत होते. जनरेटरांची लांब चाचणी झाली होती, केंद्राची टाकी पुन्हा भरून घ्यायची होती. कोहेईचा टँकर वेळेवर आला. मिझुएनं तळाचा नमुना घेतला, बरणी दिव्यासमोर धरली, आणि धरूनच राहिली. मागं तिच्या हाताखालचे दोघे बोटं वर करून तयार होते. प्रमुखानं 'योशी' म्हटलं की त्यांनी ते उचलायचं.

"वहिनी, हात भरून येईल," कोहेई म्हणाला. "दारूचा पेला सुद्धा इतका वेळ कुणी बघत नाही."

"कुठलं तेल हे?"

"डिझेलचं."

"कोहेई."

"बरं बाई. टेकडीवरचं. बंदरात लाटा बघितल्यास ना? तेलाचं जहाज लागतच नाहीये. मग काय रिकामी गाडी घेऊन तुझ्या दारात नाचू? होरिउचीची खेप आजवर चुकली नाही."

बरणीच्या तळाशी पाण्याचा थर होता. त्याच्यावर, तेल आणि पाणी भेटतात तिथं, तपकिरी शेवाळासारखं काहीतरी तरंगत होतं. तो गाळ इंजिनाच्या गाळणीत बसला, तर हवं त्या घटकेला इंजिन गुदमरणार.

"टाकी शेवटची रिकामी कधी केली होती?"

"रिकामी?" कोहेई हसला. "ती रिकामी करतात का कधी? आपण वरून ओततो."

मागचे दोघे थांबले होते. त्यांची बोटं अजून वर होती. या रीतीत 'ठीक आहे' ला शब्द आहे, 'ठीक नाही' ला शब्दच नाही, हे मिझुएच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. तिनं स्वतःचं बोट खाली घेतलं.

"गाडी मागं घे."

कोहेई जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "सगळे बघतायत, वहिनी. एक शब्द म्हण. घरी गेल्यावर हवं तर लोणच्याच्या मुळ्यानं बडव."

"मुळा चांगला आहे. त्याला कशाला त्रास?"

"घरातली सून फाटकावर असली की हे असं. परका असतो तर बरं झालं असतं."

"परका असतास तर आतापर्यंत ओरडले असते."

तो टँकरमध्ये चढला. दार मात्र आपटलं नाही.

दुपारी वरच्या कार्यालयातून निरोप आला. सोमवारी माणसं टेकडीवरची टाकी बघायला येतील. आतलं तेल असंच निघालं तर कंत्राट शहरातल्या कंपनीकडे जाईल. मिझुएनं हिशेब मनातच केला. टाकी उपसायची, घासायची, सुकवायची, बंदर उघडलं की नवं तेल भरायचं, आणि पुढं दरसाल जुनं काढून नवं घालायचं. उद्या हात घातला तर होण्यासारखं होतं. पण टाकीच्या झाकणाला कुलूप होतं, आणि किल्ली यासाबुरोच्या कमरेला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वळचणीला टांगलेले मुळे वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होते. म्हातारा शेगडीच्या मेजाशी, गोधडीत पाय घालून संत्रं सोलत बसला होता. कोहेई समोर होता. त्यानं सगळं सांगून झालेलं होतं, हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं.

"या, साहेब," यासाबुरो म्हणाला. "ऐकलं, होरिउचीचं तेल परत पाठवलंत म्हणे."

"बाबा, किल्ली द्या. उद्या सकाळी टाकी उपसू."

"नाही."

"तळाला पाणी आहे. किडलंय ते."

"सेकिगुचीच्या खानावळीत वाम मासा खाल्लायस ना? त्याच्या रश्शाचं मडकं त्याच्या पणज्यापासून रिकामं झालेलं नाही. सरलं की वर ओततात. म्हणून तर चव आहे. जुनं असतं ते नव्याला सांभाळतं."

"इंजिनाला चव नसते, बाबा."

"पोट तर असतं? तेव्हा त्याच पोटात हेच तेल गेलं." त्यानं संत्र्याची फोड तिच्यापुढं ठेवली. "ते गढूळ होतं, सूनबाई. मला काय दिसत नव्हतं? झाकण लागेना, बर्फ आत पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सगळा डोंगर उतरताना मनात तेवढंच होतं, की हे घेणार नाहीत. पण कुमागाई 'योशी' म्हणाला. तुमची इंजिनं चालली. तेव्हा चाललं, तर आज का नाही?"

कोहेई हळूच म्हणाला, "बाबा, कंत्राट जाईल."

"जाऊ दे. ते तेल मी फेकणार नाही."

मिझुए फोड हातात धरून बसली. कंत्राट गेलं तर टाकी गंजत पडेल, आणि पुढच्या खेपेला घाट खचला की सगळं स्वच्छ तेल पलीकडे राहील. आणि टाकी अशीच राहिली तर कुणीतरी टेकडी उतरून येईल, फाटकाशी ओरडेल, आणि त्यानं आणलेलं तेल काही कामाचं नसेल.

म्हाताऱ्यानं दुसरं संत्रं घेतलं. नख खुपसलं, पण सोललं नाही.

"फेरात तू दुसऱ्या कडव्याला तोंड मिटतेस," तो म्हणाला. "दरसाल बघतो मी. आधी वाटायचं, सासऱ्याचं नाव घ्यायला लाजते पोरगी. मग वाटलं, आता सून जुनी झाली, लाज कसली? विचारलं नाही कधी."

बाहेर मुळे वाजत राहिले. कोहेई एकदा बापाकडे, एकदा वहिनीकडे बघत होता.

मिझुएनं फोड मेजावर ठेवली.

"तेव्हाही चाललं नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमचं तेल आम्ही इंजिनाला लावलंच नाही."