तिसऱ्या वळणावरचं पाऊल

“भुरी माय, जरा जवळ सरक ना. याले दिसत नही, नुसतं ऐकू येस.”

दीपमालानं माइक पुढे केला. त्या काळ्या बोंडाकडे पाहून भुरीबाई पदरात हसली.

“हाई तं आंधयं शे! याले मन्हा नाच काय दिसी?”

दीपमाला नंदुरबारच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावरून आली होती. नामांकित कलावंतानं आपलं आयुष्य सांगायचं आणि आवडतं वाद्य ऐकवायचं, असा तिचा कार्यक्रम. काठी गावाखालच्या या पाड्यावर भुरीबाईइतकं नामांकित कोण होतं? होळीच्या रिंगणात पन्नास वर्षं ती रांगेच्या टोकाला नाचली. दिल्लीलाही दोनदा जाऊन आली. तिथं मिळालेली पितळी ढाल आता मोहाच्या फुलांच्या मडक्यावर झाकण म्हणून बसली होती. घरातली बोली भिली. पण खापर गावच्या बाजारात उचललेली अहिराणी ती पोरीशी मोकळेपणी बोलत होती.

“दिल्लीले काय देखं, माय?”

“एक गोरी बाई देखी. पायना अंगठावर हुभी राहीसन नाचे, बगळी जशी. मोठी नाववाली व्हती म्हने. पडदामांगे तिनी जोडा काढा, तं काय देखू! नखं फुटेल, रगत. मी मन्हा पाय तिना पायजोडे ठेवा. दोन्ही सारखाच! ती हसनी, मी हसनी. बोली कोनले समजे ना, पन पाय बोलनात.”

“आनि वाजं? तुले कोनतं वाजं जास्त आवडस?”

“खात्यानी पावरी.”

होळीत तिच्या रांगेला पावरी वाजवणारा शेजारचा खात्या ओट्यावरच कुडाला टेकून बसला होता. त्याच्या डोक्यावर, आढ्याला, भोपळ्याची नि बांबूची पावरी टांगलेली. जवानीत चार वर्षं तो गुजरातेत दगड दळायच्या कामाला गेला, आणि तिथली धूळ छातीत घेऊन परतला. आताशा दोन शब्द बोलला की तिसऱ्यासाठी थांबायचा.

खरं तर या पावरीसाठीच भुरीबाईनं रेडिओला होकार दिला होता. होळीची ती जुनी चाल पाड्यावर एकट्या खात्यालाच यायची. तो गेला की चालही जाणार. मधे एकच अडचण होती. पेरणी झाल्यापासून नवं धान्य देवाला दाखवेपर्यंत त्यांच्या पाड्यावर पावरी फुंकत नसत. फुंकली तर वारा उठतो आणि नागलीचं कोवळं पीक लोळवतो, असं सगळे मानत. पण नवं धान्य यायला दोन महिने होते, आणि खात्याची छाती ती रोज ऐकत होती. एक कोंबडं कबूल करून देवाची माफी मागू, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“दादा, वाजाडा ना थोडंसं,” दीपमाला म्हणाली.

खात्यानं पावरी उतरवली. फडक्यानं पुसली. तोंडाला लावली. छाती वर आली आणि तिथंच अडकली. गळ्याच्या शिरा फुगल्या. त्यानं भुरीबाईकडे पाहिलं. रिंगणात कधीच न चुकलेल्या माणसाचे ते डोळे होते.

“खात्या!” ती एकदम कडाडली. “अक्कल शे का नही? पेरनी व्हयेल शे! आते पावरी वाजाडतस का? वारा उठी, मन्ही नागली आडवी पडी!”

“थोडंसंच, माय...” दीपमाला म्हणाली.

“थोडं बी नही. देवना नियम शे.”

खात्यानं पावरी मांडीवर घेतली. डोक्यावरचा भारा कुणी हात देऊन उतरवावा, तसे त्याचे खांदे खाली आले.

“हां,” तो म्हणाला. “नियम... शे.”

दीपमालाचं तोंड उतरलं. “मंग मी लोकेसले काय ऐकाडू?”

भुरीबाई गुडघ्यावर हात रेटून उठली. “तुन्हं ते आंधयं खाले ठेव. जमीनवर.”

आणि सारवलेल्या ओट्यावर ती नाचू लागली. ना ढोल, ना पावरी. टाच, चवडा, पुन्हा टाच. सूर जिथं चढायचा तिथं पाऊल जड, जिथं उतरायचा तिथं पिसासारखं. दुसरं वळण झालं. तिसऱ्या वळणावर तिनं पाऊल उचललं आणि अधांतरीच धरलं.

गेल्या दोन होळ्या खात्याला तिथं श्वास घ्यावा लागत होता. ते कुणाला कळू नये म्हणून भुरीबाईनं तिथं पाऊल थोपवून धरायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, बाईनं नवी चाल काढली. सगळी रांग तसंच करू लागली.

मांडीवरच्या मुक्या पावरीवर खात्याची बोटं हलायला लागली होती.

कार्यक्रम श्रावणात लागला, भर दुपारी. खात्याची मुलगी आशा सुपात गेल्या सालची नागली पाखडत होती. शेजारी तिचा मोबाइल. भुरीबाई उंबऱ्यावर, खात्या पावरी मांडीवर घेऊन बसलेला. मोबाइलमधून पावलं येऊ लागली, आणि एकेका पावलाला एकेक भोक झाकत उघडत त्याची बोटं निघाली. आशाचं पाखडणं कधी थांबलं, तिलाच कळलं नाही. बापाच्या बोटांकडे बघता बघता तिची बोटं सुपाच्या काठावर चालू लागली होती. भुरीबाईनं ते पाहिलं.

तिसऱ्या वळणावर आवाज थांबला.

“बंद पडना वाटस,” म्हणत आशानं मोबाइल उचलला.

“नही,” खात्या म्हणाला. “थांब.”

त्यानं डोळे मिटले आणि सावकाश, छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

मग पाऊल खाली आलं.