बुलाकुरीचं शेवटचं पान

बाबुरावांनी लाल पेन उघडलं आणि दुसऱ्याच ओळीत चूक पकडली.

"कल्याणला नाही जन्मला तो. विठ्ठलवाडीला. लिही."

"पप्पा, तिकडच्या लोकांना काय फरक पडतो?" मेघना म्हणाली.

"फरक पडत नाही, मग तपासायला कशाला पाठवलं?"

बुलाकुरी हे ऑस्ट्रेलियातलं गाव. रेल्वे आली म्हणून वसलं, रेल्वे गेली म्हणून ओस पडलं. एके काळी तिथे इंजिनांची शेड होती, हॉटेलं तीन, चर्च दोन. आता हॉटेल एक, दोन्ही चर्चना कुलपं आणि माणसं तीनशे बारा. गव्हाच्या कोठारावर यंत्रं सांभाळणारा त्यांचा मुलगा सुमित गेल्या मार्चमध्ये अपघातात गेला, तेव्हा हा आकडा बाबुरावांनी मनातल्या मनात दुरुस्त केला होता. तीनशे अकरा.

गावाचा इतिहास लिहिणाऱ्या जोनबाईंनी शेवटचं पान सुमितच्या आठवणीला दिलं होतं. बंद पडलेल्या स्टेशनाच्या फलाटावरचं गवत आठ वर्षं त्यानेच कापलं, पाटीही त्यानेच रंगवली. पुस्तक सोमवारी छपाईला जातंय, घरच्यांनी एकदा नजर टाकावी, असा बाईंचा मेल होता. मेघनाने मजकूर मराठीत उतरवून, प्रिंट काढून, माजिवड्याच्या आपल्या घरून आणला होता. त्यातली एक ओळ गाळावी की नाही, याचा विचार तिने वाटभर केला होता. गाळली नव्हती.

"पुढे वाचा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

पुढे लिहिलं होतं, 'सुमितचे वडील कल्याण जंक्शनचे स्टेशन मास्तर होते.'

लाल पेन कागदावर अधांतरी थांबलं.

बाबुराव कीमॅन होते. बत्तीस वर्षं खांद्यावर हातोडा टाकून रोज सहा किलोमीटर रूळ पायी तपासला. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकून बसवायची. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे सुमित नुसतं 'रेल्वेत' लिहायचा. तेव्हा बाबुराव हसून म्हणायचे, "रेल्वेत तर उंदीरपण असतात रे."

"तो असं सांगायचा हे मला माहीत नव्हतं, पप्पा. शप्पथ. मी बाईंना कळवते..."

"थांब. वाचू दे."

'दर रविवारी तो बंद लाइनवर हातोडा घेऊन चालायचा. प्रत्येक खिळ्यावर एक ठोका. घट्ट खिळा खणकतो, सैल खिळा भद्द बोलतो, हे आम्हाला त्याने शिकवलं. इथून आता गाडी जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. विचारलं की म्हणायचा, वडिलांची सवय.'

बाबुरावांनी हे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या डाव्या हाताची मूठ मांडीवर हळूच वळली, दांडा धरावा तशी.

"अहो, माझं नाव आहे का त्यात?" स्वयंपाकघरातून मंजुळाबाईंनी विचारलं.

"आहे. मोठ्या अक्षरात आहे," ते म्हणाले. एवढं खोटं त्यांना जमत होतं.

मग त्यांनी पेन टेकवलं आणि हातोड्याच्या परिच्छेदावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"हे कशाला खोडलं? हेच तर खरं आहे!"

"अगं, स्टेशन मास्तर कुठे हातोडा घेऊन रूळ ठोकत फिरतो? रेल्वेचं गाव आहे ते. तीनशे अकरांत एखादा तरी म्हातारा आपल्यासारखा असेल. दोन्ही एकाच पानावर वाचेल आणि म्हणेल, पोरगा थापाड्या होता."

"मग मास्तर खोडा ना."

"खोडलं की बाई विचारणार, त्याने असं का सांगितलं म्हणून. उत्तर द्यायला आहे का तो?" त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "तोंडी होतं तोवर ठीक होतं. छापलेलं राहतं."

मेघनाने कागद हातात घेतला. मग तिने फोन उचलला, जन्मगाव दुरुस्त करायला लिहिलं, परिच्छेद गाळायला लिहिलं आणि थांबली.

"कारण विचारतील, पप्पा. काय लिहू?"

बाबुरावांनी पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं का, हे अंगठ्याने दाबून पाहिलं.

"लिही, त्याच्या वडिलांना असली सवय कधीच नव्हती."