कुजलेल्या वाफ्याची झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे आणि आज मी रागात आहे. एका पत्रेवाल्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला ठोकूनठाकून उभं केलं, नळी जोडली, तोंडाला खिळ्याने भोकं पाडली आणि थेट शाळेच्या बागेत धाडलं. तिथे तिसरीची पोरं माझ्यासाठी रांग लावत.

त्यांच्या बाईंची शिकवायची तऱ्हा निराळी. उत्तर आधी सांगायचं नाही, मुलांना करून बघू द्यायचं. घेवड्याच्या दोन वाफ्यांपैकी एक त्यांनी चिऊच्या हवाली केला. चिऊ म्हणजे वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी, पण जीव लावण्यात सगळ्यांच्या पुढे. ती दिवसातून पाचदा मला भरून नेई. मला कळत होतं, पण मी काय बोलणार? दहा दिवसांत शेजारचा वाफा हिरवा झाला आणि हिचं बी कुजलं. चिऊ खूप रडली. बाई रागावल्या नाहीत. मातीत बोट घालून ओल कशी बघायची ते त्यांनी दाखवलं आणि सोमवारी पुन्हा पेर म्हणाल्या. चिऊ सोमवारची वाट बघू लागली.

नेमकं त्याच सोमवारी शाळा तपासायला वरचे साहेब येणार असं कळलं. रिकामा वाफा बघून हेडसरांचं पित्त खवळलं. त्यांनी शनिवारीच फुललेली रोपं विकत आणवली आणि त्या वाफ्यात पुरली. तीही प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट! साहेबांनी विचारलं तर आम्हीच वाढवली म्हणायचं, असं मुलांना पढवून ठेवलं. खोटं शिकवायला त्यांच्याकडे वेळ होता, बी पेरू द्यायला नव्हता.

साहेबांनी नेमकं चिऊलाच विचारलं.

"ही आमची नाहीत," ती म्हणाली. "आमचं बी कुजलं. मी पाणी जास्त घातलं."

साहेब हसले, वहीत 'बाग सुंदर' असा शेरा मारला आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवसापासून बागेचा तास बंद. बाई हेडसरांशी भांडल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. वाफ्यांवर फरशी बसली. मला निळा रंग फासून, प्लॅस्टिकची फुलं खोचून वर्गाच्या कोपऱ्यात उभं केलं. येणारेजाणारे "किती गोड" म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परवा चाचणी झाली. रोपाला पाणी केव्हा द्यावे? पुस्तकातलं उत्तर, 'रोज सकाळी.' चिऊने लिहिलं, 'मातीत बोट घालून बघावं. कोरडी लागली तर द्यावं.' पेपर हेडसरांनी तपासले. माझ्या शेजारी बसून ती त्या उत्तरावरच्या लाल फुलीकडे कितीतरी वेळ बघत होती.

मित्रांनो, माझी कीव करू नका. चिऊला एक वाफा हवा आहे, तो मिळवून द्या. तुमच्याही वर्गात एखादी झारी अशी नटवून उभी केली असेल, तर ती फुलं काढून टाका आणि तिला नळाखाली धरा. पाणी जास्त पडलं, तर पडू दे.